गावात हायमास्ट लागला तेव्हा : एका आकाशदर्शन मंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचं मंडळ छोटं आहे. वर्गणी भरणारे चाळीसेक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशेच्या वर, आणि थंडीत पहाटे तीन वाजता खरंच जागे असणारे दहा-बारा. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची, मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या सुमाराचं, त्यांच्यापुढे आम्ही कालची पोरं. मी या प्रकरणाच्या वेळी सचिव होतो, म्हणजे ग्रुप अ‍ॅडमिन, वर्गणीसाठी मागे लागणारा आणि बसवाल्याशी घासाघीस करणारा माणूस. मंडळाचं, गावाचं, कुणाचंच नाव इथे देत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील इकडचे तिकडे केलेत. बाकी जसं झालं तसं आहे, माझ्या चुकांसकट.

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात एका गावाच्या वर एक माळ आहे, आम्ही त्याला पठार म्हणतो. २०१२ पासून दर हिवाळ्यात अमावस्येच्या जवळचा शनिवार पकडून आम्ही तिथे जायचो. आठ इंची डॉब्सोनियन टेलिस्कोप, एका काकांनी स्वतः आरसा घासून बनवलेली सहा इंची, तीन-चार बायनॉक्युलर, टॉर्चवर लावायला लाल जिलेटिन पेपर आणि सतरंज्या. तिथून देवयानीतली दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसायची, दक्षिणेला अगस्त्य ठळक, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ टेलिस्कोपमधून बघून नवीन माणूस हमखास "आयला" म्हणायचा.

गावाशी आमचा संबंध काय, तर बस गावातून जायची. पाणी आणि डबे घरून, चहा थर्मासमधून. अकरा वर्षांत गावातलं कुणी टेलिस्कोपला डोळा लावलाय असं मला आठवत नाही, आणि हे कधी खटकलंही नाही. आमच्या लेखी गाव म्हणजे पठाराखालचा अंधार.

अडचण

२०२३च्या दिवाळीनंतर आमच्यातले दोघं जण पुढच्या कार्यक्रमासाठी जागा बघायला गेले आणि रात्री साडेआठला ग्रुपवर फोटो आला. देवळासमोरच्या चौकात हायमास्ट. बारा-साडेबारा मीटरचा खांब, वर सहा एलईडी फ्लड, म्हणजे झोताचे दिवे, प्रत्येकी दोनशे वॅटचे, पांढराफटक उजेड. पठार तिथून सव्वा किलोमीटर लांब आणि उंचावर आहे, तरी जमिनीवर स्वतःची सावली पडत होती, पौर्णिमेइतकी नाही पण अष्टमीच्या चंद्राला पडते तेवढी. अष्टमीचा चंद्र निदान मध्यरात्री मावळतो. हा सकाळी सहाला.

पांढऱ्या एलईडीचा त्रास दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे थेट डोळ्यात येणारा उजेड. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झटक्यात ती जाते. दुसरं म्हणजे या उजेडात निळा भाग जास्त असतो, निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे खांबाकडे पाठ केली तरी आभाळ दुधाळ होतं. पश्चिमेकडचं क्षितिज तर गेलंच होतं.

आणि समोर आला होता जेमिनिड्सचा उल्कावर्षाव. २०२३ला तेरा-चौदा डिसेंबरची रात्र, अमावस्या जेमतेम सरलेली, म्हणजे चंद्राचा अजिबात त्रास नाही, असा योग दरवर्षी येत नाही. बुधवार असूनही लोकांनी रजा टाकल्या होत्या. चौतीस जणांचे पैसे जमा झालेले, बसला अ‍ॅडव्हान्स दिलेला.

हायमास्ट का लागला हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलंही नाही. ग्रुपवर एकाने लिहिलं "इलेक्शन जवळ आलंय, दुसरं काय", त्याला तेवीस अंगठे आले आणि तेच कारण ठरून गेलं. खरं कारण नंतर कळलं. त्या पट्ट्यात उसामुळे बिबटे आहेत हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते काय उगाच नाही. गावात त्याला बिबट्या नाही, वाघच म्हणतात. त्या पावसाळ्यात देवळाच्या मागून दोन वासरं गेली होती. त्यात शेतीची लाईट आलटून पालटून असते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, म्हणजे रात्रीची पाळी आली की बायामाणसांनी रात्री बारा-एकला कांद्याला पाणी द्यायला जायचं. चौकातला उजेड वरच्या वस्तीच्या रस्त्यापर्यंत पोचत होता आणि त्या रस्त्याने लोक दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी सोडायला, जात होते.

तेरा डिसेंबरची रात्र

जे सगळ्यात जास्त लिहायला पाहिजे आणि लिहायला सगळ्यात नको वाटतंय ते हेच.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आमच्यातल्या एका तरुण मेंबरचा फोन आला. म्हणाला सर, मी गावातल्या वायरमनशी बोललोय, पाचशे रुपयांत तो रात्री बारा ते चार लाईट घालवतो, कुणाला कळणार नाही, लोक म्हणतील फॉल्ट झाला. मी म्हणालो, "बघ बाबा, मला काही सांगू नकोस." या वाक्याचा अर्थ त्यालाही कळला आणि मलाही. नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणालो असतो. हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो मी निर्णय न घेता घेतला.

रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी हायमास्ट गेला. पठारावर टाळ्या वाजल्या, अक्षरशः टाळ्या. पुढची पन्नास मिनिटं मी विसरणार नाही, आभाळ एकदम खाली उतरल्यासारखं झालं, पुनर्वसूच्या बाजूने उल्का निघत होत्या, मोजणाऱ्याला पेन खाली ठेवता येईना, एक तर मृगाच्या पायापर्यंत गेली आणि मागे धुराची रेघ राहिली. एक वाजता खालून टॉर्च वर येताना दिसले. दहा-पंधरा माणसं होती, हातात काठ्या.

आणि आमच्या लोकांनी काय केलं? सवयीने ओरडले, "टॉर्च बंद करा, टॉर्च बंद करा!"

ते ऐकून पुढचा माणूस जागीच थांबला. मग जे बोलला ते थोडक्यात असं: "बायामाणसं रानात हायेत, अन तुम्ही लाईट घालवून आम्हालाच टॉर्च बंद करा म्हणताय?" त्याची आई आणि बायको वरच्या वस्तीवरून कांद्याला पाणी देऊन येत होत्या, अर्ध्या रस्त्यात अंधार झाला, दोघी बांधावर एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, मोबाइलला रेंज नाही. पाऊण तासाने हा शोधत गेला तेव्हा भेटल्या. काही झालं नव्हतं, पण व्हायला वेळ लागला नसता.

आमच्या आरसावाल्या काकांनी आमच्याकडे वळून विचारलं, लाईट कुणी घालवली? तो फोन करणारा मेंबर तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "आम्हाला काही माहीत नाही, लाईट गेली असेल." दुसरा निर्णयाचा क्षण. चौतीस पाहुणे आहेत, त्यात लहान मुलं आहेत, आत्ता भडका नको, असं मी स्वतःला सांगितलं. त्यात थोडं खरं होतंही. पण गावात बाकी सगळीकडे लाईट होती, फक्त हायमास्टच्या पॅनलमधला एमसीबीचा खटका खाली पाडलेला होता, आणि हे आमच्यासमोर उभ्या असलेल्या माणसांना वर यायच्या आधीच माहीत होतं. मी खोटं बोलतोय हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वायरमनने गावात सगळं सांगितलं. त्याच दिवशी आमच्या एका पाहुण्याने इन्स्टाग्रामवर "अडाणी गावकऱ्यांचा गोंधळ" असं लिहून व्हिडिओ टाकला, आणि तो संध्याकाळपर्यंत गावातल्या ग्रुपवर फिरला.

पर्याय

चोवीस डिसेंबरला रविवारी काकांच्या गच्चीवर मीटिंग झाली, साडेतीन तास. चार पर्याय आले.

एक, जागा सोडायची. सगळ्यात सोपं. घाटाच्या बाजूला जास्त अंधार आहे, पण तिथली बरीच जमीन फॉरेस्टची, रात्री थांबायची परवानगी मिळवायची म्हणजे वेगळाच उद्योग, आणि बस जाईल असा रस्ता नाही. शिवाय काका म्हणाले, तिथे हायमास्ट लागला की तिसरीकडे पळणार का?

दोन, तक्रार. याला तरुण मंडळींचा पाठिंबा होता, पेपरात देऊ, वर अर्ज करू. पण अर्ज कशाखाली करणार? आवाजासाठी निदान नियम आहेत, डेसिबल मोजता येतात. प्रकाश प्रदूषणासाठी आपल्याकडे तसा वेगळा कायदाच नाही. आणि पाचशे रुपये देऊन लाईट घालवणाऱ्यांनी तक्रार करायची हे जरा जास्तच झालं असतं.

तीन, चालवून घ्यायचं. ग्रह, चंद्र, जोडतारे दाखवायचे, तेजोमेघ आणि दीर्घिका सोडून द्यायच्या. खजिनदार म्हणाले, नवीन लोकांना शनी दाखवला की पैसे वसूल वाटतात, बाकीचं कोण बघतंय. हे खरं असल्यामुळे जास्त लागलं.

चार, गावात जाऊन माफी मागायची आणि मग काय होतंय ते बघायचं. यात काका एकटे होते, मी त्यांच्या बाजूने गेलो, थोडं पटलं म्हणून आणि बरंचसं स्वतःच्या लाजेने.

आता मागे वळून बघताना वाटतं की या चारही पर्यायांत एक गोष्ट कुणीच धरली नव्हती. लाईट म्हणजे एक तर चालू नाहीतर बंद, असंच आम्ही गृहीत धरलं होतं. टेलिस्कोपचा आरसा केसाएवढा हलला तर अर्धा तास स्क्रू फिरवत बसणारे आम्ही, पण ते सहा फ्लड कुठे तोंड करून आहेत हे एकानेही बघितलं नव्हतं.

काय केलं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काका आणि मी दोघंच गेलो. सरपंच ताई आहेत, पण बोलायला त्यांचे मिस्टर बसले, हे बऱ्याच ठिकाणी असतं. मी सगळं सांगितलं, पाचशे रुपयांसकट, आणि त्या रात्री खोटं बोललो तेही. मिस्टर बराच वेळ गावाचा मान, गावाचा मान करत होते. शेवटी ताईंनी चहा ठेवता ठेवता आतूनच विचारलं, "पण तुम्हाला लाईट नेमकी किती वाजता अन किती दिवस नको असते?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर्षातून सहा-सात रात्री, असं मी चाचरत म्हणालो. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं कायमचीच काढा म्हणताय."

त्यांनी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला यायला सांगितलं. योगायोगाने त्याच महिन्यात पेंचची बातमी आली होती, पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारी जागा, ठरला, आणि तिथे आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले होते. आम्हाला वाटलं हुकमाचा पत्ता हाती आला. कात्रणाच्या रंगीत झेरॉक्स काढल्या, लडाखच्या हानलेचंही दोन पानी लिहून नेलं, तिथे गावातल्याच लोकांना टेलिस्कोप देऊन, शिकवून, पर्यटकांना आकाश दाखवायला उभं केलंय वगैरे.

ग्रामसभेत मागून एक आवाज आला, "पेंचला वाघ बघायला माणसं येत्यात. आमच्याकडं वाघच माणसं बघायला येतोय." हशा पिकला. मग दुसऱ्याने विचारलं ते जास्त लागलं, "अन तुम्ही अकरा वर्षं येताय, डबे घरनं आणताय, पाणीसुद्धा घरनं. गावात दहा रुपयांचा चहा तरी पिलाय का?" शाळेच्या मास्तरांनी विचारलं, आमच्या पोरांना कधी दाखवलंत? एकाही प्रश्नाला झेरॉक्समध्ये उत्तर नव्हतं.

जे चाललं ते वेगळंच. आमचे खजिनदार, तेच चालवून घ्या म्हणणारे, उभे राहिले आणि फळ्यावर हिशोब मांडला. सहा फ्लड, दोनशे वॅटचे, बाराशे वॅट. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, बारा तास, रात्रीला १४.४ युनिट, महिन्याला चारशेच्या वर. रात्री अकरानंतर सहातले दोनच चालू ठेवले तर रोजचे साडेपाच युनिट वाचतात. पथदिव्यांच्या बिलाची थकबाकी हा पंचायतीचा जुना ताप, त्यामुळे इतका वेळ बाहेर तंबाखू मळत बसलेले दोन सदस्य आत आले. आम्ही टायमरचा खर्च देतो म्हणालो. ठराव झाला नाही, "पुढच्या वेळी बघू" झालं, पण वातावरण निवळलं.

मग गावातल्या शाळेत जायला सुरुवात केली. सुरुवातीला मुद्दाम दिवसा, कारण रात्री मुलांना बोलवायला तोंड नव्हतं. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन म्हणून टेलिस्कोपला सोलर फिल्टर लावून सूर्यावरचे डाग दाखवले, २०२४ला सूर्य चांगलाच जोरात होता, डाग भरपूर. एका मुलीने पहिल्यांदा बघून फिल्टरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही घाण पुसली तर जाईल का?" तिला फिल्टर फिरवून दाखवला, डाग जागचे हलले नाहीत, तेव्हा पटलं. डबे न्यायचे बंद केले, देवळाशेजारच्या घरी पिठलं-भाकरी सांगायला लागलो, माणशी शंभर रुपये. यावरही ग्रुपवर चर्चा झाली, कुणाला तिखट लागत होतं.

सोळा मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, काम जूनपर्यंत थांबलं. मग पाऊस. इथे आमचा धीर सुटला होता हे कबूल करतो, मेंबरांपैकी सहा जण दुसऱ्या ग्रुपबरोबर जायला लागले ते आजतागायत परत आलेले नाहीत. पहिल्याच मीटिंगमध्ये तक्रारीची बाजू धरणारे हेच होते, आणि त्यांचं म्हणणं असं की छंद करायला आलो होतो, ग्रामविकास करायला नाही. मला ते चूक वाटत नाही.

कोजागिरी

सोळा ऑक्टोबर २०२४, कोजागिरी. विधानसभेची आचारसंहिता आदल्याच दिवशी लागलेली. कोजागिरीला आकाशदर्शन मंडळाने बाहेर पडणं म्हणजे वेडेपणा, पौर्णिमेला दिसणार काय, पण गावाने बोलावलं होतं म्हणून गेलो. शिवाय त्या आठवड्यात सूर्य मावळल्यावर पश्चिमेला त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू होता, डावीकडे खाली शुक्र, उजवीकडे स्वाती, त्यांच्या मध्ये वरच्या बाजूला.

सात वाजता देवळासमोर, हायमास्टच्या थेट खाली, टेलिस्कोप लावला. ढग येत-जात होते. मी कुणाकडे काही मागितलं नाही, शपथ घेतली होती तशी. ताईच म्हणाल्या, "अर्धा तास घालवायची का?" आणि वायरमनला हाक मारली. तोच वायरमन. तो पॅनल उघडायला गेला, आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "आज फुकट हाय सर." सगळे हसले, मीही हसलो, कान गरम झाले होते.

बायनॉक्युलरमधून धूमकेतू दिसला, नुसत्या डोळ्यांना चांदण्यामुळे जेमतेम. डिसेंबरच्या त्या रात्री बांधावर अडकलेल्या आजी तिथे होत्या. त्यांना दिसला की नाही मला खात्री नाही, त्या म्हणाल्या "हां, फुसका हाय", आणि मग मला विचारलं तिकांडं किती वाजता येतंय आता? तिकांडं म्हणजे मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे. मी म्हणालो अकराच्या पुढे. त्या म्हणाल्या, आमचे मालक तिकांडं डोक्यावर आलं की बारं बदलायचे, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्याला वळवायचे, घड्याळ कुठं होतं.

लाईट परत लावताना वायरमन वर बघत होता. म्हणाला, "सर, हे फ्लड बघा ना, निम्मे डोंगराकडं बघतायत. कंत्राटदारानं घाईत लावलेत. सरळ केले तर खाली उजेड वाढंल अन तुमच्याकडं जाणार न्हाई." हायमास्टला खाली विंच असतो, दोर सोडला की वरची रिंग खाली येते, ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करून फ्लड आडवे, म्हणजे तोंड सरळ खाली, केले की काम झालं. खर्च जवळजवळ शून्य. फक्त देखभाल अजून कंत्राटदाराकडे असल्याने त्याला पंचायतीचं पत्र लागणार होतं.

अकरा महिने. आणि उत्तर त्या माणसाकडे होतं ज्याला आम्ही पाचशे रुपये देऊन बोलणं संपवलं होतं.

निकाल, म्हणजे आत्तापर्यंतचा

निवडणूक झाल्यावर डिसेंबरात कंत्राटदाराचा माणूस आला, फ्लड आडवे केले, टायमर आमच्या पैशांनी बसला, अकरानंतर दोनच. पंचवीस जानेवारी २०२५ला शनिवारी वर गेलो. शुक्र आणि शनी पश्चिमेला, गुरू रोहिणीजवळ, मंगळ पुनर्वसूपाशी लालबुंद, त्याची प्रतियुती, म्हणजे आभाळात सूर्याच्या बरोबर समोर येणं, नुकतीच होऊन गेलेली. सावली पडत नव्हती. आभाळ २०१२सारखं नाही, पण देवयानीतली दीर्घिका न शोधता दिसली. शाळेतली नऊ मुलं, मास्तर आणि तीन पालक वर आले होते. ग्रुपवर पार्टी झाल्यासारखे मेसेज. मी तेव्हाच हे लिहिलं असतं तर गोड शेवट झाला असता.

फेब्रुवारीत वरच्या वस्तीवरचा कुत्रा गेला. रात्री होता, सकाळी नव्हता, अंगणात साखळी पडलेली. आणि तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला की फ्लड आडवे केल्यावर चौकात उजेड वाढला, पण वस्तीच्या रस्त्यावर जो सांडलेला उजेड जात होता तो बंद झाला. आमच्यासाठी तो वाया गेलेला उजेड होता, त्या लोकांचा तेवढाच होता. फ्लड आडवे करताना वस्तीवर कुणी विचारायला गेलं नव्हतं, आम्हीही नाही, पंचायतही नाही. ज्या बाईमुळे हे सगळं सुरू झालं तिच्याच रस्त्यावर आम्ही दुसऱ्यांदा अंधार केला, या वेळी रीतसर पत्र देऊन.

उजेडाने बिबट्या थांबतो का, याबद्दल फॉरेस्टच्या लोकांना विचारलं. त्यांचं म्हणणं की त्याला उजेडाची सवय होते, तो कुत्र्यामागे येतो, गोठा बंद ठेवा, रात्री एकटं जाऊ नका, मोबाइलवर गाणी लावून चाला. बरोबरच असेल. पण ज्याच्या अंगणात नुसती साखळी पडलीय त्याला हे सांगायला मी गेलो नाही. पंचायतीने पुढचा महिनाभर सहाही फ्लड रात्रभर चालू ठेवले, टायमर बायपास करून. आम्ही काही बोललो नाही.

एप्रिलमध्ये वर्गणी काढून वस्तीच्या रस्त्यावर दोन सोलर दिवे लावले. खाली तोंड, पिवळसर उजेड, कुणी जवळ आलं की मोठे होतात, गेलं की मंद. जागा आजींच्या सुनेने दाखवली, एक बांधाच्या वळणावर, एक विहिरीपाशी. आम्ही नकाशावर तिसरीच ठिकाणं काढली होती. मग टायमर परत चालू झाला. आकाश बघणारं मंडळ दिवे लावतंय, यावर मंडळात झालेले विनोद सगळे इथे लिहीत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, फोटो आला त्याच आठवड्यात गावात जाऊन फक्त विचारलं असतं की खांब का लावला. अर्धा दिवस गेला असता. जेमिनिड्सचा कार्यक्रम पुढे ढकलायला हवा होता, पैसे परत करायला हवे होते, ते मला तेव्हा अशक्य वाटलं आणि आज तो सगळ्यात स्वस्त पर्याय दिसतो. त्या मुलाला फोनवर सरळ नाही म्हणायला हवं होतं, त्याने ऐकलं असतं. तो आता मंडळात नाही, मी दोनदा फोन केला, उचलत नाही. चूक त्याची आणि माझी मिळून होती, गावात त्याचं नाव झालं आणि मी मात्र माफी मागून मोठा ठरलो, हे बरोबर झालं नाही.

पठारावरच्या खोटेपणाबद्दल काकांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात त्या गर्दीत खरं सांगितलं असतं तर मार पडला असता आणि पुढचं काहीच झालं नसतं. मला वाटतं मार पडला असता तर जानेवारीतलं बोलणं सोपं गेलं असतं.

तिसरी गोष्ट, गावाशी बोललो म्हणजे सरपंचांशी आणि ग्रामसभेशी बोललो, असं आम्ही धरलं. वस्ती चौकापासून दीड किलोमीटर आहे, रात्रीची पाळी असली की ग्रामसभेला तिथून कुणी येत नाही, आलं तरी बाई येत नाही. दिवा हलवण्याआधी त्याच्या उजेडात कोण चालतं हे एक रात्र तिथे उभं राहून बघायला हवं होतं. रात्रभर जागणं हा तर आमचा छंदच.

मंडळाच्या वार्षिक सभेत हिशोब वाचताना एका मेंबरने हरकत घेतली. "उपकरणे" या सदराखाली १० मिमी आयपीस, लाल जिलेटिन पेपर आणि त्याच्या खालच्या ओळीत सोलर दिवे, नग २. हा खर्च उपकरणांत कसा, हे देणगीत टाका, असं त्याचं म्हणणं. खजिनदार म्हणाले देणगीत टाकलं तर दरवर्षी बॅटरी बघायला कोण जाणार, उपकरणांची निगा ठेवायची असा आपला नियम आहे. मतदान झालं, नऊ विरुद्ध सात, दिवे उपकरणांतच राहिले. या पावसाळ्याआधी विहिरीजवळच्या दिव्याचं पॅनल पुसायची पाळी माझी आहे.